पन्नाशीची ओळ

याखेनच्या दुकानाला दोन भिंती.
एकीवर काळं, राखाडी, दगडी.
दुसरीवर फिकट जांभळ्या फुलांचा मळा,
वर पाटी: स्त्रियांसाठी.

याखेनचा मुलगा दूरी मला मळ्याकडे नेतो.
पंचविशीतला, नम्र.
"या हलक्या. वळायला सोप्या."
सोपं कोणी मागितलं होतं?

मी मडलायना, वरच्या फ्तान गावची.
चालायच्या आधी घसरायला शिकले.
बाविसाव्या वर्षी स्लालमच्या एका फाटकात
डावा गुडघा ठेवून आले,
आणि त्यानंतरचे एकोणतीस नाही, पण सत्तावीस हिवाळे
पडलेली माणसं घसरगाडीला बांधून
खाली आणली.

एक स्की उचलते. शेपूट जमिनीला,
टोक मुठीत, तळवा तिच्या पोटावर, आणि दाबते.
वाकते. फारच वाकते,
नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखी
सगळ्याला हो म्हणते.
पेराने वाजवून बघते, मडकं वाजवून घ्यावं तशी.
आवाज पातळ.
धातू कुठाय?
"बायकांच्यात सहसा घालत नाहीत,"
आणि दूरीचे कान लाल.

कागदावर लिहिलंय: सगळ्या डोंगरासाठी.
कुठला सगळा डोंगर?
सकाळी आठला उत्तरेच्या उतारावर काच असते,
धार लागली नाही तर
नाव न विचारता तळाशी पोचवते.
अकराला तोच उतार कापूस.
दोनला फ्योन वारा सुटला, की पेज.
आणि कुंपणापलीकडे, लार्चच्या झाडांत,
मंगळवारचा बर्फ अजून पडून आहे
वर पापुद्रा धरून.
कुठलीही जोडी यात कुठेतरी खोटी पडणार.
मला एवढंच ठरवायचं होतं
की कुठलं खोटं मला चालेल.

काचेवरचं नाही चालणार.

कंबर शहाण्णव मिलिमीटर घेतली
तर कापसात तरंगेन,
पण काचेवर या धारेवरून त्या धारेवर यायला
अर्धा श्वास उशीर.
अर्ध्या श्वासात काय होतं
ते मी घसरगाडीला बांधून आणलेलं आहे.

मग समोरच्या भिंतीवरून काढते:
अठ्ठ्याऐंशी. लांबी एकशे बहात्तर.
आत ॲशचं लाकूड, खालीवर धातूचा पत्रा.
दाबते, तर ती उलट मला दाबते.
"जड आहे," दूरी.
"मीही."

आतून याखेन येतो, एप्रनला मेण,
जोडी बाकावर आडवी घालतो.
"बाइंडिंग एक सेंटिमीटर पुढे? बायका घेतात."
"रेघेवर."
"रेघेवर," तो ड्रिलला सांगतो.

मग तो पिवळा कागद.
उंची. बुटाचा तळ, तीनशे पाच.
वजन खरं लिहिते,
इथे खोटं लिहिलं तर बिल गुडघ्याला येतं.
प्रकार: जपून, मध्यम, की तिसरा.
वय.

फेब्रुवारीत पन्नास झाले.
पन्नाशीला तक्ता एक ओळ मागे ओढतो:
स्प्रिंग ढिली, बूट लवकर सुटतो,
हाड वाचावं म्हणून.
याखेन पेन्सिल कानामागे ठेवून
खिडकीबाहेर बघत राहतो. इतकी वर्षं ओळखतो.
एकोणपन्नास लिहिलं असतं
तर त्याने ते वाचलंच नसतं.

पन्नास लिहिते.
आणि प्रकार, तिसरा.
साडेसहाचे साडेपाच होतात.

ड्रिल उतरतं. आधी पत्र्याची चकचकीत कुरळी,
मग लाकडाचा फिकट भुसा,
थोडा उडून मळ्यातल्या फुलांवर बसतो.
भोक पडलं. आता बदलून मिळणार नाही.

दाराशी दूरी विचारतो,
"आणि खोल, मऊ बर्फ पडला त्या दिवशी?"

त्या दिवशी थोडी बुडेन.